अण्णांचा बेसबॉल

येलहंक्यात राहून अमेरिकेतल्या एका शहराचा रहिवासी असलेला माणूस अख्ख्या बंगळुरात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या घरात होता. माझे मोठे दीर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. तरुणपणी कारखान्याने त्यांना एक यंत्र शिकायला सहा महिने तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठवलं होतं. तिथे घरमालकिणीच्या रेडिओवर त्यांना बेसबॉल ऐकायचा नाद लागला. तिथल्या कंपनीने 'इथेच राहा' म्हटलं, तेव्हा इकडे सासूबाईंनी अन्न सोडलं. तशी तार गेली आणि अण्णा परत आले. पुढे लग्न केलं नाही, तक्रारही केली नाही. माणूस तक्रार करत नाही म्हटल्यावर घरच्यांना किती सोपं जातं, हे मी या घरात आल्यावर शिकले.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ते निवृत्त झाले. कॉम्प्युटर घेतला, फोनच्या लाइनवर इंटरनेट जोडलं आणि त्याच शहराचं रेडिओ केंद्र शोधून काढलं. समालोचकही तोच, आता म्हातारा झालेला. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सकाळी साडेसातपासून तीन तास फोन अण्णांचा. स्वयंपाकघरात त्याच लाइनचा दुसरा फोन होता. तो नुसता उचलला तरी अण्णांचं इंटरनेट तुटे. म्हणून त्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी, 'सामना चालू असताना उचलू नये'.

आवाज तर धडपणे कधीच येत नसे. ऐन रंगात गोठायचा. मग अण्णा डोळे मिटून उरलेला खेळ स्वतःच सांगून टाकत. एकदा त्यांनी असाच एक खेळाडू बाद केला आणि आवाज परत आला तेव्हा तोच धाव पुरी करून बसलेला. "पंच चुकले," अण्णा म्हणाले. समालोचक तिकडे गारठा आहे म्हणाला की अण्णा इकडे स्वेटर घालत. भाजीवाली विचारायची, "काय अण्णा, ज्वर आला काय?" तिथल्या जाहिरातीही त्यांना पाठ होत्या. शेजाऱ्यांच्या स्कूटरचा टायर फुटला, तर यांनी चार हजार कोसांवरचं स्वस्त दुकान सुचवलं. माझी मुलगी कितवीत आहे, ते मात्र त्यांना दर वेळी विचारावं लागे.

आणि पत्रं. घरात दिवसाला चार वाक्यं बोलणारा हा माणूस त्या समालोचकाला पंधरवड्याला दोन-दोन पानं लिही. उत्तर कधी आलं नाही. तिसऱ्या वर्षी म्हाताऱ्याने जाहीर केलं की तो आता थांबणार, आणि निरोपाच्या सामन्यात, सातव्या डावाच्या विश्रांतीत, श्रोत्यांची काही पत्रं नावानिशी वाचून दाखवणार. अण्णांनी त्यासाठीचं पत्र तीनदा लिहिलं. नवा लिफाफा माझ्याकडून मागून घेतला.

मी म्हटलं, "अण्णा, तिथे हजारो पत्रं येत असतील."

"येऊ देत. हजारांत येलहंक्याचं एकच असेल."

सामन्याच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बसले. दसरा चार दिवसांवर, त्या दिवशी घरी जेवायला बारा माणसं आणि गॅस आदल्या दिवशीच संपलेला. एजन्सी फोनवर नोंदणी घेई ती फक्त नऊ ते दहा. मी साडेनऊपर्यंत थांबले. पावणेदहाला फोन उचलला. हात सवयीने गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला वाटलं, आमच्या म्हाताऱ्याचं पत्र कोण वाचतंय. कानात ते इंटरनेटचं किरकिरणं ऐकू आलं आणि थांबलं. लाइन तुटलीच होती, तेव्हा नंबर फिरवला. एरवी तासतास न लागणारी एजन्सी पहिल्या झटक्यात लागली.

अण्णांना पुन्हा जोडणी मिळेपर्यंत नववा, म्हणजे शेवटचा डाव चालू झाला होता. सामना संपल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तो म्हणाला, आता एक पत्र, फार लांबून आलेलं. एवढंच ऐकू आलं."

मी ताटल्या पुसायला घेतल्या.

"सिलिंडर मिळालं काय?" त्यांनी विचारलं.

"परवा येईल."

"सरी, बरं."

पुढच्या वर्षी त्यांनी इंटरनेटचे पैसे भरले नाहीत. म्हणाले, नवा समालोचक फार बडबडतो. मी गुपचूप रेडिओ केंद्राला पत्र टाकलं, तर एक छापील आभारपत्र आलं. ते मी त्यांना दाखवलं नाही. आणखी चार वर्षं ते होते. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि ते मला फार जड गेलं. भांडले असते तर मीही चार शब्द सुनावले असते.

एकदाच, त्यांच्या शेवटच्या आजारपणात, त्यांना पेज भरवताना माझ्याच तोंडून निघून गेलं, "अण्णा, ते पत्र दुसऱ्या कुणाचंही असेल. त्यांच्या शेजारच्या गावचंसुद्धा."

त्यांनी तोंडातली पेज गिळली. मग म्हणाले, "असेल की. आपल्याला तासाभरावरचं होसकोटेसुद्धा लांबच वाटतं."