हलक्या हाताचं कापड

माधवनगरच्या काकूंनी मला धरून ठेवलं, हे आधी सांगते. बाकीचं मागाहून. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. त्यांच्या ओसरीत हातमाग आहे. भैरवगढच्या कापडछपाईच्या कारखान्यांतून उरलेले तुकडे आणायचे, त्यांच्या पट्ट्या फाडायच्या, त्या मागावर विणायच्या आणि त्या कापडाची जाकिटं शिवायची, हा त्यांचा उद्योग. एकासारखं दुसरं होत नाही, म्हणून लोक चित्र घ्यावं तसं ते निवडून घेतात.

मी सोलापूरकडची, सातवीतून शाळा सुटलेली. नवऱ्याच्या नोकरीपायी महाराष्ट्राबाहेर, इथं नानाखेड्यात खोली घेतली. आई लुगड्यांच्या चिंध्यांच्या सतरंज्या विणायची, तिच्या शेजारी बसून मी शिकले होते. तेवढ्यावर काकूंनी मला कामाला ठेवलं.

आणि पहिलंच कापड फळकुटासारखं निघालं. सतरंजीला धागे दाबणारी फणी दणादण ठोकावी लागते, माझ्या हाताला तेवढंच ठाऊक. त्यात धास्ती. हे काम गेलं तर परक्या गावात, एका खोलीत, दिवसभर एकटीनं करायचं काय? धास्ती वाढली की हात आणखी जोरात.

"अगं, किती ठोकतेस! अंगात घालायचंय, दरी नाही बनवायची," काकू म्हणाल्या. सतरंजीला इकडे दरी म्हणतात. पण कापड टाकलं नाही. त्याचंच जाकीट शिवून स्वतः भिशीला घालून गेल्या, मलाही नेलं. त्यांचे हात धड खाली येईनात.

"काय हो, चिलखत घातलंय का?" एका बाईनं विचारलं.

"मग! घरात सून आलीय, लागतं."

सगळ्या खो खो हसल्या. मी मेल्याहून मेले. पण ते कुणी विणलं, हे काकूंनी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. पण काकू मागापाशी स्टूल ओढून बसल्या. "तुझ्या गावचं सांग काही. माझा जन्म इथलाच, महाराष्ट्र फक्त लग्नकार्यापुरता बघितलाय."

मी सांगत गेले. घरामागची बोर. भाकरी थापता थापता आई रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारते, ते. सांगण्यात रमले, तसा हात मंदावला. फणी नुसती टेकायला लागली.

काकूंनी कापडाखाली तळवा घातला. "देख, कसं मऊ पडलंय! असंच चालू दे. मग, आई काय म्हणाली?"

काम टिकलं. तेव्हापासून मी गाव आठवत विणते. प्रदर्शनात बायका ती जाकिटं घालून आरशासमोर वळून वळून बघतात. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "चिंध्या घालून मिरवतात व्हय?" आणि इतकी हसली, की फोन ठेवल्यावरही ते हसू माझ्या कानात राहिलं.

माझं गावी जाणं वर्षातून एकदा, तेही धावतं. काकूंचे गुडघे आता कुरकुरतात. उशीर तर होणार नाही ना, असं सारखं वाटतं. पण एकदा त्यांना आमच्या घरी नेणारच. तिथं त्यांनी नुसतं बसायचं. आई बोलेल, आणि वाढायला मी असेन.