भाऊबीजेचा रोल

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बाबांनी सौसरला आत्याच्या घरी तिचा फोटो काढला. फ्लॅश उडाला, बटणाचा आवाज झाला, कॅमेऱ्यातली मोटर घरघरली. कॅमेऱ्यात रोल नव्हता.

त्या वेळी खोलीत चौघं होतो: ओवाळून झालेली आत्या, पाटावरून नुकतेच उठलेले बाबा, आई आणि मी. रोल नसल्याचं एकट्या बाबांना ठाऊक होतं.

"झाला?" आत्यानं विचारलं.

"झाला. मस्त आला."

"आण इकडं."

"काय?"

"मशीन."

बाबांनी कॅमेरा दिला नाही. आत्यानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. या कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाला करंगळीच्या नखाएवढी काचेची खिडकी आहे. आत रोल असला की त्याच्या डबीचा रंग तिथून दिसतो. आत्यानं कॅमेरा दाराच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि मग मला बोलावलं.

"ओ पत्रकार, तुझे डोळे चांगले आहेत. पाय बरं, यात काय दिसून राहिलं?"

"काळं."

"काळंच ना? मले वाटलं मोतीबिंदू पुन्हा आला."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिच्या हसण्याचा आवाज बाहेर येत होता.

आत्या बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठी. लग्न झाल्यापासून ती सौसरला राहते आणि बाबा पांढुर्ण्याला, जो हल्लीच जिल्हा झाला. मध्ये एसटी नाही, खासगी बस आहे. आत्याचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. मुलगा भोपाळला नोकरीला आहे. आईनं एकटं राहू नये, असं तो तीन वर्षं म्हणत होता. गेल्या दिवाळीआधी तिनं होकार दिला. सौसरचं घर भाड्यानं द्यायचं आणि भाऊबीजेनंतर दुसऱ्या रविवारी पांढुर्ण्याहून भोपाळची गाडी धरायची, असं ठरलं. जाण्याआधी तिनं बाबांकडे एकच वस्तू मागितली होती. दोघांचा एक फोटो, कागदावरचा, आणि तोही त्याच कॅमेऱ्यानं काढलेला.

मागणी साधी वाटते. पण आत्याचा आणि बाबांचा एकत्र असा एकही फोटो नाही. आमच्या घरी अल्बम पाच आहेत. त्यांत आत्या अनेक फोटोंत आहे, बाबा एकातही नाहीत. पाचही अल्बममधले फोटो त्यांनीच काढले आहेत.

कॅमेरा नव्वदीच्या दशकातला, मुठीत मावणारा, काळा. बाबा शाळेत शिक्षक होते, तेव्हा त्यांनी तो नागपूरहून आणला. त्याला काही जुळवावं लागत नाही. दोन सेल घालायचे, रोल घालायचा, बटण दाबायचं. पुढचं सगळं तो आपोआप करतो. उजेड कमी असला की फ्लॅशही स्वतःच उडवतो. बाबांच्या मते तरीही तो चालवायला प्रशिक्षण लागतं, आणि प्रशिक्षित माणूस अख्ख्या तालुक्यात एकच आहे.

रोल महाग होते आणि फोटोची हौस सगळ्यांना होती. त्यावर बाबांनी लग्नातल्या एका फोटोग्राफरकडून एक युक्ती उचलली. तिला आमच्याकडे 'खाली फ्लॅश' म्हणतात, म्हणजे रिकामा. कॅमेऱ्यात रोल घालायचाच नाही, नुसता फ्लॅश उडवायचा. वरातीत नाचणाऱ्याला, मांडवात हट्ट धरून बसलेल्या आजेसासूला त्या क्षणी फोटो नको असतो, फ्लॅश हवा असतो. तो डोळ्यांवर पडला की माणूस समाधानानं पंगतीला जातो. बाबांनी या पद्धतीनं निम्म्या नात्यागोत्याला खूश ठेवलं.

मी चौथीत असताना भाऊबीजेला आत्यानं हट्ट धरला, की आज भाऊ-बहिणीचा फोटो झालाच पाहिजे. बाबांनी कॅमेरा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात दिला, आत्याच्या यजमानांच्या. त्यांनी श्वास रोखून बटण दाबलं. फ्लॅश उडाला. पुढे दोन वर्षं फोटो "धुवायला दिला" होता. मग रोल "खराब निघाला". खरं काय ते एका हळदीकुंकवाला आईच्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून आत्या बाबांना नावानं हाक मारत नाही, 'गुरुजी' म्हणते.

आणि गेल्या वर्षी गुरुजींनी तेच पुन्हा केलं होतं.

"तुझं वय किती?" आत्यानं विचारलं.

"ताई, आता रोल कुठं मिळतात? कंपन्या बंद पडल्या."

"मंग हे काय होतं?"

बाबांचा बेत असा होता: कॅमेऱ्यानं फ्लॅश उडवायचा, मागाहून माझ्या मोबाईलवर दोघांचा एक फोटो काढून घ्यायचा, तो नागपूरला कागदावर छापून आणायचा आणि कॅमेऱ्यातला म्हणून द्यायचा. हे त्यांनी शांतपणे, फळ्याकडे बोट दाखवावं तसं सांगितलं. त्यांच्या मते यात कोणाचंच नुकसान नव्हतं.

"जिल्हा तुमच्या पांढुर्ण्याले गेला," आत्या म्हणाली, "म्हणून शहाणपण बी सगळं तिकडंच गेलं काय?"

रोल मिळतात. नागपूरला एका दुकानात ते कॉलेजची मुलं हौसेनं घेतात. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी मी एक आणला. हिरव्या डबीचा, छत्तीस फोटोंचा. शनिवारी आम्ही दोघं पुन्हा सौसरला गेलो. बाबांनी गरज नसताना खिडकीचा पडदा ओढला, रोल बसवला, टोक लाल खुणेपर्यंत आणलं आणि झाकण लावलं. मोटरनं फिल्म ओढली. वरच्या आकड्यात १ आला. आत्यानं मागची खिडकी पाहिली.

"हिरवं आहे," तिनं जाहीर केलं. "आता काढ. दोघांचा. आणि दे धुवायला."

इथे दुसरी अडचण आली. बाबांचा एक नियम आहे: रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही. आमच्याकडे दिवाळीत घातलेला रोल पुढच्या पोळ्याला निघत असे. त्यामुळे फोटोच्या एकाच पट्टीवर आमचं फराळाचं ताट, माझी स्नेहसंमेलनातली ट्रॉफी आणि सजवलेले बैल एकामागून एक येत. अर्धवट रोल मागे गुंडाळायचं बटण कॅमेऱ्याला आहे. ते पेनाच्या टोकानं दाबावं लागतं. बाबांनी ते आजवर एकदाही दाबलेलं नाही.

"पस्तीस फोटो वाया घालवू?"

"मी रविवारी जाऊन राहिली."

"आठ दिवस आहेत. संपवू."

त्या आठ दिवसांत बाबा चार वेळा सौसरला गेले. दोनदा मी सोबत होतो. कोणत्या आकड्यावर काय काढलं, याची नोंद मी ठेवली. ती सवय कामाची आहे.

पहिला फोटो आत्या दारात. दुसरा आत्या तुळशीजवळ. तिसरा फक्त तुळस, कारण आत्या शेजारणीला हाक मारायला वळली. बाबा अंतर पावलांनी मोजत, चार पावलं मागे जात, आणि कॅमेऱ्याच्या कडेचा लाल दिवा लागेपर्यंत सगळ्यांना श्वास रोखायला लावत. फ्लॅश तयार झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हे ते प्रत्येक वेळी नव्यानं सांगत.

"दिवा लागला काय?"

"थांब."

"माझा जीव गेल्यावर लागन काय?"

दोघांचा फोटो काढायला मी हात पुढे केला, तेव्हा बाबांनी कॅमेरा छातीशी धरला.

"तुझा हात हलते."

"माझा हात हलत नाही. माझे फोटो पेपरात येतात."

"मागच्या महिन्यात आला होता. त्यातल्या पाहुण्याले डोकं नव्हतं."

म्हणून आठव्या फोटोला त्यांनी टायमर लावला. स्टुलावर पिठाचा डबा, डब्यावर कॅमेरा. बटण दाबून ते आत्याच्या शेजारच्या खुर्चीकडे निघाले आणि अर्ध्या वाटेवर फ्लॅश उडाला. नवव्याला ते वेळेत पोचले, पण चुलीवरचं दूध वर आल्याचा वास आला आणि आत्या उठली. दहाव्याला दोघंही बसले होते. मात्र डब्याचं झाकण एका बाजूनं दबून कॅमेरा किंचित खाली झुकला होता. काय आलं, ते कोणालाच दिसत नव्हतं. मोबाईल असता तर लगेच पाहून पुन्हा काढला असता, असं मी म्हणालो. बाबांनी डबा उचलून आत नेला.

त्यानंतर टायमर बंद झाला. पुढचे फोटो आत्यानं सांगितले. भाड्यानं द्यायच्या या घराची खिडकी, जिथून तिला शाळा सुटलेली दिसत असे. भाजीवाली, जी फोटो काढतात म्हणताच गाडीवरची संत्री पुढे आणि पिचके टोमॅटो मागे लावून उभी राहिली. यजमानांची सायकल. मागच्या आवारातलं लिंबाचं झाड. त्याच्या फोटोवरून वाद झाला. झाड उभं असतं म्हणून कॅमेरा उभा धरावा, असं आत्याचं म्हणणं होतं. बाबांनी आडवा धरला. त्यांच्या मते उभा धरला की फ्लॅश बाजूनं येतो आणि सावली पडते. भर दुपारची वेळ होती, फ्लॅश उडालाच नाही.

"ते काऊन नाही उडालं?"

"उजेड आहे. मशीनले समजते."

"मशीनले समजते, तुले नाही."

शुक्रवारी आकडा एकोणतिसावर होता. शनिवारी आत्या दोन बॅगा आणि एक पोतं घेऊन आमच्याकडे पांढुर्ण्याला आली. संध्याकाळपर्यंत चौतीस झाले. त्यांतला एक आईनं मागून घेतला. तिलाही कधी खरा फ्लॅश मिळाला आहे की नाही, याची तिला खात्री नव्हती.

रविवारी सकाळी स्टेशनवर गर्दी बेताची होती. गाडी उशिरा आली आणि पांढुर्ण्याला थोडाच वेळ थांबते. पोतं चढवलं, बॅगा चढवल्या. आत्या खिडकीजवळ बसली. बाबांनी फलाटावरून तिचा एकटीचा फोटो काढला. तो पस्तिसावा. मग त्यांनी वरचा आकडा पाहिला, आत्याकडे पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला.

"एक राहिला," ते म्हणाले.

"मंग ये इकडं," आत्या गजांतून म्हणाली. "आता त्या डब्यावर ठेवणार काय?"

डबा घरी होता. बाबांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. त्याआधी त्याचा पट्टा स्वतः माझ्या मनगटात अडकवला.

"चार पावलं. लाल दिवा. दाबजो, ठोकू नको."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच सांगून राहिलो."

मी चार पावलं मागे गेलो. बाबा खिडकीला पाठ लावून उभे राहिले. आत्यानं गजांतून हात काढून त्यांचा खांदा धरला. शेडखाली सावली होती. लाल दिवा लागला. बाबांनी हात वर करून "थांब" म्हटलं, आणि मी बटण दाबलं.

फ्लॅश उडाला. मोटर सुरू झाली आणि थांबली नाही. रोल संपला की हा कॅमेरा फिल्म आपोआप मागे गुंडाळतो, हे मी तोवर फक्त ऐकलं होतं. माझ्या हातात तो बराच वेळ घरघरत राहिला.

गाडी हलली.

"मशीनच्या खिडकीत पाय!" आत्या ओरडली. "काय दिसते?"

मी कॅमेरा उलटा केला.

"हिरवं!"

"नक्की?"

"नक्की!"

गाडी पुढच्या तिगाव स्टेशनच्या दिशेनं गेली. बाबांनी कॅमेरा परत घेतला, घरघर पूर्ण थांबेपर्यंत कानाशी धरला आणि खिशात ठेवला.

नागपूरहून फोटो तीन आठवड्यांनी आले. छत्तीसपैकी एकोणतीस निघाले. लिंबाचं झाड चांगलं आलं आहे, आडवं. आठव्यात बाबांची पाठ आहे. नवव्यात बाबा एकटे खुर्चीत बसून रिकाम्या खुर्चीकडे पाहत आहेत. दहाव्यात दोघांचे गुडघे आहेत. पस्तिसाव्यात खिडकीच्या गजांवर फ्लॅश परतला आहे, आत्या दिसत नाही. छत्तिसाव्यात दोघंही आहेत. कोपऱ्यात कॅमेऱ्याचा पट्टा आला आहे. आत्याचं तोंड हसताना उघडं आहे. बाबांचा हात वर आहे आणि डोळे मिटलेले.

बाबांनी तो फोटो भोपाळला पोस्टानं पाठवला, सोबत चिठ्ठी नव्हती. जानेवारीत मी कामासाठी भोपाळला गेलो, तेव्हा आत्याकडे जेवलो. फोटो टीव्हीच्या शेजारी काचेच्या चौकटीत होता. तिनं तो काढून माझ्या हातात दिला आणि मागची बाजू पाहायला सांगितलं. मागे निळ्या पेनानं तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'रोल होता.'