वंदनाच्या सासूबाई आणि जर्मन परीकथा

सदर बाजारातल्या आमच्या जर्मन क्लासचे किस्से काढायला बसलं की चहा गार होतो, पण किस्से सरत नाहीत. जबलपुरात आम्ही पाच जणी जर्मन परीकथांचा अभ्यास करून राहिलो होतो, हाच मुळात पहिला किस्सा!

मॅडमची पद्धत न्यारी. वर्गात गोष्ट वाचायची, घरी मोठ्यांना सांगायची आणि त्यांनी काय अर्थ काढला ते वर्गात मांडायचं. "पुस्तकातला अर्थ जर्मनांचा. मला तुमच्या घरातला पाहिजे!" जिचं काम सर्वांत चांगलं, तिला शेवटी एक महिना जर्मनीला जायला मिळणार होतं. जागा एकच, आणि ती मला कशीही करून पाहिजे होती.

*

पहिल्या गोष्टीत आईबाप पोरांना जंगलात सोडून येतात. माझी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अन् शेजारी काय करून राहिले होते?"

मी तेच सांगितलं. वर्ग खो खो हसला. मग वंदना उठली. "सासूबाई म्हणाल्या, उपाशी घरातून आधी लाज जाते, मग पोरं."

मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. माझ्या आईचं कोणी नाही लिहिलं!

*

पुढची गोष्ट लांडग्याची. "लांडगा म्हणजे कोण?" मी घरी विचारलं. बाबा फॅक्टरीतून नुकतेच आले होते. बूट काढत म्हणाले, "आमचा फोरमन."

मला वाटलं, चलो, या वेळी जिंकली मी! तर वंदनाच्या सासूबाई काय म्हणाव्या? "लांडग्याचं भेव नाही, तो गोड बोलतो त्याचं भेव." पुन्हा फळा!

वंदना बिचारी गरीब गाय, माझ्या डब्यातलं लोणचं खायची. माझा जळफळाट तिच्यावर नव्हता हो, तिच्या सासूवर होता. जगाला सासू म्हणजे ताप आणि हिलाच काहून अशी? मी आईला म्हटलं, "मला अशी सासू असलेलं घर बघ."

"पहिले गॅस बंद कर," आई म्हणाली.

*

आणि शेवटची गोष्ट. एक मुलगी जंगलातल्या म्हातारीच्या घरी मन लावून काम करते, सोन्यानं मढून परत येते. ते पाहून दुसरीची आई आपल्या मुलीलाही तिथं पाठवते. ती कामचुकार निघते आणि तिच्या अंगावर डांबर पडतं.

आता आईला विचारण्यात अर्थच नव्हता. वंदना ऑफिसात असताना मी थेट कमानिया गेटजवळ तिचं घर गाठलं.

"जय भीम, काकू. एक गोष्ट सांगायची होती."

"अच्छा? सांग. तोवर एवढी मेथी निवडून दे."

मी सगळी जुडी निवडली. काकूंनी गोष्ट ऐकली आणि विचारलं, "दुसरीला कोणी पाठवलं?"

"तिच्या आईनं."

"मग डांबर आईच्या अंगावर पडायला पाहिजे होतं ना!"

मी ऑटोनं उडतच घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी पहिला हात वर केला आणि तेच वाक्य ठणकावून सांगितलं. मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "वा! कोण म्हणालं हे?"

"माझी आई!"

खडूनं ते फळ्यावर चढलं. मग वंदनाची पाळी आली. ती माझ्याकडे बघून गोड हसली.

"मॅडम, या वेळी सासूबाईंनी अर्थ नाही सांगितला. एवढंच म्हणाल्या, ती दुसरी पोरगी काल आपल्याच घरी येऊन गेली. मेथी चांगली निवडते."