जावेचा ओव्हन

खराडीला जावेच्या फ्लॅटमधला ओव्हन बंद पडला हे कळलं, तेव्हा मला आनंद झाला. फोनवर मी "अगं बाई, ऐन दिवाळीत!" असं म्हणाले खरी, पण तो आनंदच होता.

तो ओव्हन स्वतःचा स्वतः साफ व्हायचा. एक बटण दाबलं की दाराला आपोआप कुलूप लागायचं, आत भयंकर तापायचं आणि चिकटलेल्या तुपाची राख व्हायची. गार झाल्यावर ती फडक्याने पुसली की झालं. दीर आणि जाऊ दोघंही आयटीत, त्यामुळे घरात घासावी लागेल अशी वस्तूच नव्हती. आमच्या सहकारनगरच्या घरात आपणहून साफसफाई करणारं एकच यंत्र होतं, ते म्हणजे मी.

पण माझं दुखणं वेगळं होतं. दरवर्षी दिवाळीआधी सासूबाई आणि मी नानकटाईचं सामान घेऊन पेठेतल्या बेकरीत जायचो. तूप, साखर, मैदा आपला, भट्टी त्यांची. नंबर येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं. घरात माझ्याशी कामापुरतं बोलणाऱ्या सासूबाई त्या बाकावर मोकळ्या व्हायच्या. माहेरच्या गोष्टी सांगता सांगता स्वतःच हसायच्या. वर्षातली तेवढी एक दुपार माझी होती. जावेकडे ओव्हन आला आणि सासूबाई दसऱ्यापासूनच खराडीला मुक्कामाला जाऊ लागल्या.

कंपनीचा माणूस "हे मॉडेल आम्ही इथे विकत नाही" म्हणून हात वर करून गेला. मग जावेला मी आठवले. माझ्या वडिलांचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं, लहानपणी माझ्या हातात बाहुलीच्या आधी पाना आला. सासरी काही बिघडलं की माझी आठवण होते, एरवी फारशी होत नाही.

वीज तपासायचा मीटर पिशवीत टाकून मी गेले. हा ओव्हन दुरुस्त होऊ नये, असं वाटेत सारखं मनात येत होतं.

दाराचं कुलूप तसंच होतं आणि एकही दिवा लागत नव्हता. प्लगपर्यंत वीज येत होती. मग भिंतीवरचं बटण बंद करून, प्लग काढून आम्ही दोघींनी ओव्हन कपाटातून ओढला आणि मी मागचा पत्रा उघडला. फार तापलं तर वीज तोडणारा एक छोटा कटआउट तिथे असतो. त्यानेच वीज तोडली होती. म्हणजे ओव्हन गार करणारा पंखा मधेच थांबला असणार.

"साफसफाई चालू असताना लाईट गेली होती का गं?"

"छे हो वहिनी, आमच्या सोसायटीत फुल बॅकअप आहे. लाईट जातच नाही."

जातच नाही! आमच्याकडे दर गुरुवारी न चुकता जाते.

तेवढ्यात तिला ऑफिसचा कॉल आला आणि ती आत गेली. दार लागल्याबरोबर सासूबाई माझ्याजवळ सरकल्या.

"मीच बंद केलं बटण," त्या हळूच म्हणाल्या. "आत काही भाजत नव्हतं, नुसता घोंघावत होता. म्हटलं, उगाच वीज कशाला जाळायची?"

काम झालं की भिंतीवरचं बटण बंद, हा त्यांचा नेम. लग्न झाल्यापासून मी त्यावरून बोलणी खाल्ली आहेत.

"तिला सांगू नकोस हं. काय म्हणेल ती मला?"

"आणि मी काही म्हटलं तर?"

"तू काय म्हणणार! तू घरचीच."

कटआउटवर एक बारीकसं लाल बटण होतं. ते दाबलं, पत्रा लावला, प्लग जोडला. पंखा घुमला आणि दाराचं कुलूप निघालं. आवाज ऐकून जाऊ धावत आली.

"वहिनी, यू आर ग्रेट! काय झालं होतं?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी खरं सांगितलं असतं, तर त्या शरमेने त्याच संध्याकाळी पिशवी भरून माझ्याबरोबर निघाल्या असत्या. भट्टी, बाक, ती दुपार, सगळं परत मिळालं असतं.

"वायर ढिली होती," मी म्हटलं.

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. लगेच त्यांनी जावेला विचारलं, "मग उद्या नानकटाई करायची का गं? तुला चालणार असेल तरच हं."

माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी कशाला विचारलेलं नाही. तिचा ओव्हन, तिचा बॅकअप, सगळं तिला लखलाभ. पण तिला काय वाटेल याची त्यांना जी भीती होती, त्या भीतीचा मला हेवा वाटला.

चपला शोधायला मी दाराजवळचा दिवा लावला.

"दिवा बंद करून जा गं," सासूबाई आतून माझ्यावर ओरडल्या.