इंद्रजीतला कुणी हरवेना

शाळेत छडी उचललेल्या गुरुजींना इंद्रजीतचं मधलं नाव आठवलं, की ती छडी नकाशाकडं वळायची आणि वर्गाला गोदावरीचा उगम दिसायचा. मधलं नाव होतं कारभारी.

कारभारीदादा म्हणजे छावणी भागातलं मोठं प्रस्थ. शहराच्या कडेला कुणाचा प्लॉट रिकामा दिसला, की ते तिथं पत्र्याचं शेड ठोकत आणि चार खुर्च्या मांडत. मालक विचारायला आला की त्याला बसवत, चहा पाजत आणि कागदावर सही घेऊनच सोडत. तीन वर्षांपूर्वी ते हार्ट अटॅकनं गेले. शोकसभेत प्लॉट गेलेले लोकही बोलले. "दादांनी कुणाला उभ्यानं परत पाठवलं नाय," एकजण म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

इंद्रजीतला प्लॉट नको होते. चौदाव्या वर्षापासून त्याला एकच नाद, मारामारीचे व्हिडिओ गेम. छावणी बाजारातल्या बद्रीनाथकाकांच्या गेमिंग पार्लरमध्ये तो रोज चार तास बसायचा. जिल्ह्याची स्पर्धा त्यानं लागोपाठ दोनदा जिंकली. फक्त दोन्ही फायनलला समोरच्याच्या अंगठ्यात ऐन वेळी कळ आली. आपण खरंच चांगलं खेळतो का, हे सव्वीस वर्षांचा झाला तरी इंद्रजीतला कळलं नव्हतं. विचारावं तर सगळे हो म्हणत.

तिसऱ्या वर्षी फायनलला कहकशा आली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. चार महिन्यांपूर्वी नांदेडहून आलेल्या तिच्या वडिलांनी, गयासभाईंनी, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. कारभारीदादा कोण, हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. तिनं इंद्रजीतला अकरा मिनिटांत तीन-शून्य हरवलं.

स्पर्धेचे संयोजक असलेल्या बद्रीनाथकाकांनी माईक घेतला. "तांत्रिक बिघाडामुळं मॅच पुन्हा..."

"मशीन बरं हाय, काका," इंद्रजीत म्हणाला. "मी हरलो." मग त्यानं कहकशाला विचारलं, "कुठं चुकलो?"

"उडी मारायच्या आधी तुम्ही दोन पावलं मागं येता. दर वेळी. कुणी सांगितलं नाही का?"

"नाय."

त्या दिवशी घरी जाताना तो स्वतःशीच हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा जुना माणूस सखाराम चौघांना घेऊन गयासभाईंच्या दुकानात गेला. सखारामला यंदा नगरसेवक व्हायचं होतं, म्हणून त्यानं धमकी दिली नाही. खुर्च्या मागितल्या, चहा घेतला आणि दुकानाची जागा किती मोक्याची आहे, याचं तोंडभर कौतुक केलं. गयासभाई समजले. पाहुण्यांना तसंच बसवून, टॉवेलात गुंडाळलेली ट्रॉफी घेऊन ते इंद्रजीतच्या दारात उभे राहिले.

"साहब, बच्ची से गलती हुई. यह आपकी अमानत."

इंद्रजीतला मान वर करवेना. तो ट्रॉफी घेऊन त्यांच्याबरोबर दुकानात आला. सखाराम दुसरा चहा घेत होता.

"काका, चला इथून."

"बस रे. पोरीनं हरवलं म्हणून लोक हसायलेत. दादांच्या नावाचं काय?"

"हसू द्या की. आजवर भीत व्हते, ते बरं व्हतं का?"

सखारामनं बशीत चहा ओतला. इंद्रजीतनं विनवलं, समजावलं. खुर्ची हलली नाही. शेवटी त्याच्या तोंडून खालच्या पट्टीतला, जड, बापाचा आवाज निघाला.

"सखाराम. ऊठ."

सखाराम बशी ठेवून उठला. मागोमाग चौघंही उठले. पाचही जण वाकून बाहेर पडले.

ट्रॉफी दुकानातच राहिली. पण "शुक्रिया, दादा," म्हणताना गयासभाई दोन पावलं मागं सरले, आणि इंद्रजीतला ते दिसलं. इतकी वर्षं जे टाळलं, ते दोन शब्दांत साधलं होतं.

आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. 'महिला खेळाडूंचे खंबीर पाठीराखे, युवा नेते इंद्रजीतदादा.' खाली शुभेच्छुक म्हणून सखारामचा फोटो, इंद्रजीतपेक्षा थोडा मोठा. इंद्रजीत शिडी लावून तो उतरवायला चढला. येणारेजाणारे थांबले. विनापरवाना फ्लेक्स स्वतःच्या हातानं काढणारा नेता प्रथमच दिसला, म्हणून त्यांनी फोटो काढले. संध्याकाळपर्यंत त्याची लोकप्रियता दुप्पट झाली.

मग तो कहकशाकडं गेला आणि म्हणाला, "मला शिकव. आणि वडिलांना सांग, मी कुणाचा दादा नाय."

"अब्बूंना वेळ लागेल," ती म्हणाली. "रविवारी या."

दर रविवारी पार्लरमध्ये तो तिच्याकडून हरू लागला. दिवाळीपर्यंत एकतीस वेळा हरला. बत्तिसाव्या वेळी जिंकला. कहकशाचा चेहरा लाल झाला. तिनं हेडफोन टेबलावर आपटले आणि ती निघून गेली.

बद्रीनाथकाका घाबरून जवळ आले. "मी समजावतो तिला."

"नगा," इंद्रजीत म्हणाला. "चिडू द्या."