हेस्टरच्या गोधडीतले कागद

इंग्लंडातल्या वेअरडेलच्या खोऱ्यात हेस्टर नॅट्रसएवढे बारीक टाके कुणाचे नव्हते, आणि तिच्याएवढा हट्टही कुणाचा नव्हता. नवरा शिशाच्या खाणीत खोकून खोकून गेला. एकुलता एक जोनास अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणीवर गेला. त्याचं लग्न ठरल्याचं कळलं, त्या दिवसापासून ती त्याच्यासाठी मोठ्या पलंगाची गोधडी जोडायला बसली होती.

सहा कोनांचा कागद कापायचा, त्यावर चिंधी दुमडून कच्चे टाके घालायचे, मग चिंधीला चिंधी जोडायची. सहाही बाजूंना शेजार मिळाला की आतला कागद ओढून चुलीत. कागद जाड लागतो, आणि खोऱ्यात जाड कागद म्हणजे जुनी पत्रं. वाचून झालेली पत्रं सगळ्याच बायका कापत.

हेस्टरला मात्र वाचताच येत नव्हतं. चॅपलमध्ये ती स्तोत्रांचं पुस्तक उघडं धरून खुशाल गायची, त्यामुळे शेजारच्या फीबी व्हिपाँडखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. जोनासची पत्रं फीबीच वाचून दाखवी, उत्तरंही तीच लिही.

मार्चमध्ये दोघींचं बिनसलं. कशावरून, तर हातभर जांभळ्या छिटावरून! फीबीनं मागितलं, हेस्टरनं दिलं नाही. "ठेव तुझ्या चिंध्या," फीबी म्हणाली, "तुझी सून कुत्र्याखाली अंथरील त्या." झालं, बोलणं बंद. त्यानंतर जोनासचं पत्र आलं. हेस्टरनं ते फोडलं, उलटसुलट पाहिलं आणि पाकिटासकट चहाच्या डब्यात ठेवलं. दुसऱ्या कुणाकडे न्यायचं म्हणजे आपली लाज आपणच चव्हाट्यावर मांडायची. त्यापेक्षा फीबी नाक घासत येईल तेव्हा बघू, असं तिनं ठरवलं. मला विचाराल तर हा शुद्ध मूर्खपणा होता, पण तिला विचारणार कोण?

जुलैत फीबीच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. केकचा तुकडा घेऊन फीबी हेस्टरच्या दारात उभी राहिली.

"जिवंत आहेस ना गं?"

"तू बोलत नाहीस म्हणून मरते की काय! ये आत. हे वाच आधी."

फीबीनं डब्यातलं पत्र उलगडलं. "अगं, हे तर नाताळातलं. गाय व्याली ते. दोनदा वाचून दाखवलंय तुला."

हेस्टरचा चेहरा उतरला. मेमध्ये एकदा लेकाची फार आठवण आली म्हणून तिनं सगळी पत्रं काढून मांडीवर घेतली होती. परत ठेवताना डब्यात कुठलं गेलं आणि कात्रीखाली कुठलं गेलं, ते अक्षर न कळणाऱ्या बाईनं कसं ओळखावं?

गोधडीच्या मधले कागद केव्हाच चुलीत गेले होते. फक्त कडेच्या दोन ओळींत ते अजून होते. दोघी समोरासमोर बसून कच्चे टाके उसवू लागल्या. पिठाच्या पिशवीचे तुकडे निघाले, जुन्या पत्रांचे निघाले. नव्या पत्राचे निघाले ते जेमतेम पाच.

"'इथली खाण बंद,'" फीबी वाचू लागली. "'पश्चिमेला जातोय आम्ही.' आणि हे बघ, 'नवा पत्ता खाली'."

"मग खाली बघ ना!"

"खालचा तुकडा यात नाही, हेस्टर."

पाचवा तुकडा फीबीनं वाचला आणि हातातच धरून ठेवला.

"काय गं? वाच की."

"राहू दे."

"माझ्या लेकाचं आहे ते. वाच म्हणते ना!"

"'आई, मेअखेर तुझं उत्तर आलं नाही, तर मी समजेन की तू...'"

"की मी काय?"

"पुढे कापलंय."

"मी काय, फीबे? रागावले? मेले?" हेस्टर रडू लागली. "काय समजला असेल गं तो?"

थोड्या वेळानं हेस्टरनं डोळे पुसले, गोधडीचा मधला भाग मांडीवर ओढला आणि पक्के टाके कात्रीनं उसवायला घेतले. तिथं आता कागद नाहीत, हे फीबीनं तिला तीनदा सांगितलं. हेस्टर उसवत राहिली.