शेवटचं कोण गेल्तं?

ऑफिसात फोन वाजला आणि घनसावंगीचा संगणक दिसत नाही असं कुणी सांगितलं, की आमचा ढवळे आधी बूट काढायचा. मग खुर्चीवर मांडी घालायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि विचारायचा, "शेवटचं कोण गेल्तं तिथं?" कीबोर्डला हात नाही, माउसला हात नाही. जणू संगणक बिघडला नव्हता, कुणाची कोंबडी चोरीला गेली होती.

जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत आम्ही दोघं होतो. राजूर, बदनापूर, घनसावंगी इथे कंपनीची गोदामं. प्रत्येक गोदामात बियाण्यांची एक थंड खोली आणि शेजारी तिचं तापमान टिपत बसलेला एक संगणक. त्याच्यापुढे माणूस कुणी नाही, दाराला कुलूप. आम्ही जालन्यात बसून तो संगणक आपल्या पडद्यावर उघडायचा आणि आकडे बघायचे. उघडला नाही तर का उघडला नाही ते शोधायचं. एवढंच आमचं काम, आणि एवढ्याच कामात ढवळे मला रोज मागे टाकायचा.

मला हे फार झोंबायचं. आम्ही एकाच पॉलिटेक्निकचे. मार्क माझे जास्त. नोकरीला मी आधी लागलो. दिसायलाही, माझ्या मते, मीच बरा. तरी गोदामातला माणूस माझं हॅलो ऐकून म्हणायचा, "ढवळे साहेब न्हाईत का?" मीही तेच काम करतो म्हटलं, तर म्हणायचा, मंग थांबतो थोडं. घरीही तीच तऱ्हा. ढवळे एकदा जेवायला आला आणि बायकोच्या येसराच्या आमटीला दाद देऊन गेला. तेव्हापासून घरचं वायफाय बंद पडलं की ती म्हणते, ढवळे भाऊजींना विचारा ना. मी तिच्या समोरच बसलेला असतो.

त्याचं म्हणणं एकच. "माणूस नसलेल्या जागी आपोआप काही बिघडत नसतंय. कोणीतरी आल्तं, काहीतरी करून गेलं, अन् आता सांगून न्हाई राह्यलं." मला हे अडाणीपणाचं वाटायचं. राजूरचा संगणक मधूनच गायब व्हायला लागला, तेव्हा मी सेटिंग तपासलं, फायरवॉल तपासली, पासवर्ड बदलले आणि साहेबांना इंग्रजीत एक लांबलचक मेल लिहिला, जो पुन्हा वाचल्यावर मलाही कळला नाही. ढवळेने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज चतुर्थी हाय ना? मंग बराबर."

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गर्दी उसळते. गोदामाशेजारच्या नारळवाल्याला त्या दिवशी जादा दिवे लागायचे. वॉचमनशी दोस्ती असल्याने तो आमच्या खोलीतल्या बोर्डात आपला प्लग लावायचा आणि तिथला इंटरनेटच्या डब्याचा प्लग काढून ठेवायचा. गर्दी ओसरली की इमानदारीने परत लावायचा. ढवळेने नारळवाल्याला फोन केला, घरच्यांची खुशाली विचारली, नारळाचा भाव विचारला, आणि जाता जाता प्लगचं सांगितलं. संगणक हजर. वर दुसऱ्या दिवशी नारळवाल्याकडून त्याच्या नावाने ऑफिसात पेढे आले. मीही खाल्ले. चांगले होते, हेच वाईट.

त्याच सुमारास साहेबांनी सांगितलं की आमच्या सेक्शनला एक इनचार्ज नेमायचा आहे आणि तो आम्हा दोघांतलाच असेल. मला ती खुर्ची हवी होती. पगारासाठी नाही. ढवळेने मला साहेब म्हणावं, म्हणून.

संधीही आली. ढवळे जेवायला गेला होता आणि घनसावंगीचा संगणक अडखळायला लागला. उघडत होता, पण पडदा हलायला जीव जात होता. मी ठरवलं, तो यायच्या आत निस्तरायचं. नेटवर्क बंद करून परत चालू केलं की बरेचदा सुरळीत होतं. मी जालन्यातून त्या संगणकाचं नेटवर्क बंद केलं. पडदा गोठला. आता परत चालू करायचं, तर ज्या वाटेने मी तिथे पोचलो होतो तीच वाट मी बंद केली होती. दोराने विहिरीत उतरलेल्या माणसाने खालूनच दोर कापावा, तसा मी. आणि संध्याकाळी साहेब स्वतः आकडे बघायला बसणार होते.

घनसावंगीच्या वॉचमनला फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला, म्हणाली ते शेतात गेलेत, फोन घरीच विसरलाय. मी ठेवून दिला आणि कुणाला न सांगता सटकलो. जीपमध्ये उसाच्या मोळीसारखा बांधला जाऊन, साहेबांना सांगायची थाप घोटत घोटत, घनसावंगीला उतरलो.

गोदामाचं दार उघडं. वॉचमनची बायको गयाबाई उंबऱ्यात बसलेली, आत संगणक सुरळीत. ढवळे जेवून आला होता, माझी रिकामी खुर्ची आणि गोठलेला पडदा त्याने पाहिला होता, आणि शेवटचं कोण गेलं होतं हे त्याला विचारावंही लागलं नव्हतं. त्यानेही वॉचमनलाच फोन लावला. गयाबाईंनीच उचलला. फक्त त्याने विचारलं, वहिनी, चावी घरी हाय का? मग व्हिडिओ कॉलवर मोबाइल पडद्यासमोर धरायला लावून त्यांच्याकडून एकेक बटण दाबून घेतलं.

"तुम्हीच का ते?" गयाबाई म्हणाल्या. "ढवळे भाऊ म्हणले, एक साहेब येऊन राह्यलेत, त्यांला आधी चहा द्या. डोकं गरम आसंल."

ढवळेने मला साहेब म्हटलं होतं. ते मी घनसावंगीत ऐकलं, दुसऱ्याच्या तोंडून, हातात कपबशी धरून.

साहेबांना त्याने सांगितलं, लाइन गेल्ती, आली. त्याने चुगली केली असती, तर मला त्याचा मनसोक्त राग तरी करता आला असता. तेवढंही सुख दिलं नाही. का सांगितलं नाहीस, असं मी विचारलंच. तो म्हणाला, "तू सोताच सोताला लई शिव्या देऊन राह्यलास. त्यात माझी भर कशाला?"

इनचार्ज अर्थात तोच झाला. पुढे हैदराबादच्या एका कंपनीने त्याला उचललं आणि खुर्ची माझ्याकडे आली. मी जिंकलो नाही, उरलो. निरोपाला गयाबाई घनसावंगीहून शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या होत्या. डबा त्याच्या हातात दिला, मला झाकण उघडून एक दिला.

परवा घनसावंगीचा संगणक पुन्हा गेला. मी गयाबाईंना फोन केला, आधी चावीचं विचारलं, व्हिडिओ कॉल लावला, बटणं दाबून घेतली. पडदा उजळला. झालं बघा, म्हणालो आणि दोन शब्द कौतुकाचे येतील म्हणून थांबलो.

"झालं का? बरं झालं," गयाबाई म्हणाल्या. "मंग ढवळे भाऊ कसे हायेत?"

मला ठाऊक नव्हतं. जळण्याच्या नादात ते विचारायचं राहूनच गेलं होतं. ठीक आहेत म्हणालो आणि लगेच त्याला फोन लावला. व्यस्त होता. पुन्हा लावला, व्यस्तच. काचेपलीकडे साहेब मोबाइल कानाला लावून खळखळून हसत होते. माझ्याशी ते असे कधी हसले नाहीत. "अरे ढवळे," एवढं काचेतूनही ऐकू आलं. मी त्यांचं बोलणं संपायची वाट बघत बसलो.